वाचनाचा संकल्प दरवर्षी फेब्रुवारीतच का रखडतो?

तक्रार ओळखीची आहे. जानेवारीत दोन पुस्तकं झपाट्याने हातावेगळी होतात, फेब्रुवारीत एखादं, आणि मग वहीत नुसती कोरी पानं. जूनअखेर वाचनाची नोंद ठेवणारं ॲप उघडावं तर 'तुम्ही नऊ पुस्तकं मागे आहात' हे वाक्य समोर. ते वाचून ॲप जे बंद होतं ते डिसेंबरातच उघडतं. जानेवारी आला की पुन्हा तोच वर्षाला २४ पुस्तकांचा आकडा, पुन्हा नवी वही.

माझ्याकडे हा बिघाड सलग तीन वर्षं आला आणि तिन्ही वर्षं मी निदान एकच केलं: आळस. मग आळसावरचे उपाय सुरू. पहाटेचा गजर लावला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवला, संकल्प मैत्रिणींना सांगून टाकला म्हणजे निदान लाजेकाजेस्तव तरी वाचन होईल. काही उपयोग झाला नाही. तिसऱ्या वर्षी वैतागून जुन्या नोंदी काढल्या आणि पेन घेऊन बसले, तेव्हा कुठे दिसलं की आळस हे कारण नव्हतंच. मी वाचत होते. फक्त जे वाचत होते ते मोजलं जात नव्हतं, आणि जे मोजलं जात होतं ते एकाच ठिकाणी अडून बसलं होतं.

म्हणून नवीन संकल्प करण्याआधी, नवीन ॲप घेण्याआधी, पुढची तपासणी करा. अर्धा तास लागेल.

आधी पोकळी शोधा

गेल्या वर्षी संपवलेल्या पुस्तकांच्या तारखा एकाखाली एक लिहा. नोंद ठेवली नसेल तर आठवतील तशा लिहा, महिना आठवला तरी चालेल. आता दोन तारखांमध्ये किती दिवस गेले ते शेजारी मांडा.

माझी यादी अशी निघाली: १४ जानेवारी, २९ जानेवारी, १० फेब्रुवारी, २१ मे. पहिल्या तिन्हींत पंधरा आणि बारा दिवसांचं अंतर. १० फेब्रुवारी ते २१ मे मात्र बरोबर १०० दिवस. एवढ्या दिवसांत माझ्या आयुष्यात काही उलथापालथ झाली नव्हती. आजारपण नाही, घर बदललं नाही, कामाचा ताणही नेहमीइतकाच.

मग स्वतःला विचारायचा प्रश्न हा: पोकळी सुरू झाली तेव्हा हातात कोणतं पुस्तक होतं? मला उठून कपाटापर्यंत जावं लागलं. सहाशेच्या वर पानांची एक कादंबरी, त्यात ११२व्या पानावर बसचं तिकीट खोचलेलं. पुस्तक वाईट नव्हतं. चांगलंच होतं, म्हणून तर सोडवत नव्हतं. पण रात्री थकून आल्यावर ते उचलावंसं वाटत नव्हतं, आणि ते अर्धवट ठेवून दुसरं सुरू करणं म्हणजे हार, असं मी मनात धरून बसले होते. परिणाम असा की १०० दिवस मी ना ते वाचलं, ना दुसरं काही. हातात फोन होता.

ओळखीच्या ज्यांनी ज्यांनी अशा तारखा मांडून पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकांच्या मोठ्या पोकळीच्या तोंडाशी असंच एक रखडलेलं पुस्तक सापडलं. कधी ते जाडजूड असतं, कधी भेट मिळालेलं, कधी 'हे वाचलंच पाहिजे' या यादीतलं. अरुंद रस्त्यात बंद पडलेल्या ट्रकसारखं ते आडवं उभं असतं आणि मागची सगळी वाहनं हॉर्न वाजवत थांबलेली असतात.

तुमच्या यादीत अशी एखादी ठळक पोकळी असेल तर खालचा पहिला उपाय तुमच्यासाठी आहे. अंतरं सगळी सारखीच लांब असतील तर तो सोडा आणि थेट हिशेबाकडे जा.

रखडलेल्या पुस्तकाचं काय करायचं

'पूर्ण झालं' आणि 'चालू आहे' या दोनच खणांमुळे गाडी अडते. आणखी दोन खण लागतात: 'सोडलं' आणि 'थांबवलं'. दोन्हींत फरक आहे, आणि तो वहीत दिसला पाहिजे.

सोडण्यासाठी एक नियम आधीच ठरवून ठेवलेला बरा, कारण पुस्तक हातात असताना आपण नेहमी 'अजून थोडं बघू' म्हणतो. अमेरिकी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा पन्नास पानांचा नियम मला पटतो. पन्नास पानं वाचा, मग ठरवा. त्यातला गमतीचा भाग पुढे आहे: तुमचं वय पन्नासच्या वर असेल तर १०० मधून वय वजा करा, जेवढे उरतील तेवढीच पानं त्या पुस्तकाला द्यायची. म्हणजे सत्तर वर्षांच्या वाचकाने तीस पानं वाचली की पुरे. वेळ कमी उरलाय, नावडतं वाचत कशाला बसायचं!

मी यात माझी एक भर घातली आहे. सोडलेल्या पुस्तकाचीही वहीत ओळ लिहायची: कितव्या पानावर सोडलं आणि का, चार शब्दांत. वर्षाअखेरी या ओळी वाचल्या की स्वतःबद्दल बरंच कळतं. माझ्या सोडलेल्या सातांपैकी पाच पुस्तकं कुणीतरी 'तुला आवडेलच' म्हणून हातात दिलेली निघाली.

थांबवण्याची गोष्ट वेगळी. पुस्तक हवं आहे, पण आत्ता नको आहे. इथे खरी भीती असते ती दोन महिन्यांनी परत उघडल्यावर काहीच आठवणार नाही, पहिल्यापासून सुरू करावं लागेल, ही. त्यावर उपाय सोपा आहे आणि तो मी आता डोळे झाकून करते. पुस्तक मिटताना एक चिठ्ठी लिहून त्याच पानात ठेवायची. त्या ११२व्या पानावरची माझी चिठ्ठी अशी होती: 'आजोबा गेले. वाटणी अजून व्हायची आहे. धाकटा रागावून निघून गेलाय, पत्र कुणी लिहिलं ते थोरलीला माहीत आहे पण ती बोलत नाही.' तीन ओळी. सप्टेंबरात कादंबरी पुन्हा उघडली तेव्हा या तीन ओळींवर मी पाच मिनिटांत गोष्टीच्या आत होते. सोबत कुटुंबातल्या माणसांची नावं आणि नाती लिहिली असती तर आणखी बरं झालं असतं. ती मात्र मागे जाऊन शोधावी लागली.

जाड पुस्तकाला स्वतःची वेगळी वेळ द्या, हेही सांगायला हवं. माझं जाड पुस्तक आता सुट्टीच्या सकाळी टेबलावर उघडतं. रात्री उशाशी पातळ, हलकं, लहान प्रकरणांचं काहीतरी. दोन्ही एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. चार-चार पुस्तकं एकदम लावण्याच्या मी विरोधात आहे, पण दोन चालतात.

पोकळी नाही, तरी आकडा गाठत नाही

मग दोष आकड्यात आहे. हा आकडा येतो कुठून? बहुतेकदा हवेतून. महिन्याला दोन म्हणून २४, आठवड्याला एक म्हणून ५२. कॅलेंडरला शोभणारे आकडे आहेत हे, त्यांचा आपल्या वाचण्याच्या वेगाशी काही संबंध नाही.

वेग मोजायला टायमर लावा आणि वीस मिनिटं नेहमीसारखं वाचा. मुद्दाम भरभर नको. पानं मोजा. हे निदान दोन प्रकारच्या पुस्तकांवर करा. माझी कादंबरीत ११ पानं झाली, वैचारिक पुस्तकात ६. म्हणजे तासाला ३३ आणि १८. एकाच माणसाचा वेग पुस्तकागणिक जवळजवळ निम्मा होतो आणि आपण मात्र दोन्हींना 'एक पुस्तक' म्हणून मोजतो.

वेगाबद्दल फार मोठमोठे आकडे ऐकायला मिळतात. मार्क ब्रिसबार्ट या मानसशास्त्रज्ञाने २०१९ मध्ये १९० अभ्यास एकत्र करून इंग्रजीतल्या मूकवाचनाची सरासरी काढली, ती ललितेतर मजकुरासाठी मिनिटाला २३८ शब्द आणि ललित मजकुरासाठी २६० शब्द अशी आली. मिनिटाला हजार शब्दांच्या बाता मारणाऱ्यांकडे दुर्लक्ष केलेलं बरं. पण ही सरासरीही इंग्रजीची आहे. मराठीत तुमचा वेग किती, ते तुमचा टायमरच सांगेल.

आता गुणाकार. २४० पानांची कादंबरी, तासाला ३३ पानं, म्हणजे सव्वासात तास. अशी २४ म्हणजे सुमारे १७५ तास. ३६५ दिवसांत वाटले तर रोजची २९ मिनिटं. ऐकायला किती सोपं वाटतं! मीही इथेच फसत होते, कारण मी ३६५ दिवस वाचत नाही. कुणीच वाचत नाही. चार आठवडे कॅलेंडरवर नुसती टिकमार्क केली तर २८ पैकी १६ दिवस वाचन झालेलं दिसलं, आणि त्या दिवशीही सरासरी २५ मिनिटं. हे प्रमाण वर्षाला लावलं की सुमारे २०८ दिवस होतात, म्हणजे ८७ तासांच्या आसपास. भागाकार केला, उत्तर आलं १२.

त्याआधीच्या तीन वर्षांत मी पूर्ण केलेली पुस्तकं होती ११, १३ आणि ९. म्हणजे मी दरवर्षी जवळपास माझ्या कुवतीइतकंच वाचत होते आणि दरवर्षी नापास होत होते, कारण पेपर दुप्पट गुणांचा काढला होता.

तुम्हीही असंच करा: चार आठवडे नुसती नोंद, लक्ष्य काही नाही. मग जो आकडा निघेल त्यात एक-दोन पुस्तकांची वाढ करा. त्याहून जास्त वाढवायचं असेल तर रोजची कुठली दहा मिनिटं वाचनाला देणार, ते आधी ठरवा. ती सापडत नसतील तर आकडा वाढवू नका.

आकडा गाठला, पण वाचल्यासारखं वाटत नाही

हा उलटा बिघाड. ऑक्टोबर उजाडला की हात आपोआप शंभर पानांच्या पुस्तकांकडे जातो, वर्णनं गाळली जातात, ऑडिओबुक दुप्पट वेगाने लावलं जातं. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल एक निरीक्षण मांडलं होतं: एखाद्या आकड्याला नियंत्रणासाठी वापरायला लागलं की त्या आकड्याचा भरवसा जातो. वाचनाच्या वहीला ते तंतोतंत लागू पडतं. पुस्तकांची संख्या हे वाचनाचं माप होतं तोवर ठीक. तेच लक्ष्य झालं की आपण संख्येसाठी पुस्तकं निवडायला लागतो.

माप बदलून पाहा. मी आता 'बैठका' मोजते: वीस मिनिटं किंवा जास्त सलग वाचलं की एक बैठक. सहाशे पानांचं पुस्तक असो की साठ पानांचं, बैठक ती बैठकच. वर्षाला २१० बैठका हे माझं लक्ष्य, पुस्तकांची संख्या बाजूला सहज म्हणून लिहिलेली. जाड पुस्तकाची धास्ती यानेच गेली. कुणाला पानं मोजायला आवडतात, कुणाला तास. ऑडिओबुक ऐकणाऱ्यांना तासच सोयीचे, ऐकण्यात पान असं नसतंच. स्टोरीग्राफ या ॲपमध्ये पुस्तकांखेरीज पानांचं आणि तासांचं लक्ष्य ठेवायची सोय आहे.

वाचन होतं, नोंद राहून जाते

माझ्या पहिल्या वहीत अकरा रकाने होते. नाव, लेखक, प्रकार, प्रकाशन, पानं, सुरुवात, शेवट, तारे, आवडलेलं वाक्य, कुणी सुचवलं, आणि शेवटचा 'परत वाचेन का'. रंगीत पेनं वेगळी. ती वही १९ फेब्रुवारीला संपली, म्हणजे पानं उरली होती, मीच संपले.

आता चार रकाने: सुरू, नाव, संपलं, एक ओळ. 'संपलं'च्या जागी 'सोडलं' किंवा 'थांबवलं'. वही पुस्तकांच्या शेजारी, पेन वहीतच अडकवलेलं. पेन शोधायला उठावं लागलं की नोंद गेलीच म्हणून समजा.

रोजच्या सलग मालिकेबद्दल दोन शब्द. काही ॲप सलग दिवस मोजतात आणि एक दिवस चुकला की शून्यावर आणतात. त्या शून्याने कित्येकांचं वाचन बंद पाडलंय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा सवयींवरचा अभ्यास २०१० मध्ये छापून आला. त्यात ९६ जणांनी खाणं, पिणं किंवा व्यायाम यांतली एक नवी सवय लावून घ्यायचा प्रयत्न केला होता. सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता, मध्यक ६६ दिवस, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी लागले, निम्म्यांना जास्त. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. त्यात वाचन नव्हतं हे खरं, पण मालिका दाखवणारा तो कोपरा बंद करून टाकायला मला एवढं पुरलं.

ॲपमधला आकडा जुळत नाही

हे किरकोळ आहे, पण बरेच जण यातच तासभर घालवतात. गुडरीड्स या वाचननोंदीच्या ॲपवरच्या वार्षिक चॅलेंजमध्ये पुस्तक मोजलं जातं ते वाचून संपवल्याच्या तारखेवरून. पुस्तक 'वाचलेलं' दिसतंय पण आकड्यात येत नसेल तर संपवल्याची तारीख भरलेली आहे का आणि ती याच वर्षाची आहे का, ते बघा. उलटही होतं: पूर्वी वाचलेली पुस्तकं एका बैठकीत यादीत टाकली आणि सगळ्यांना आजची तारीख लागली, तर एका दुपारीत तुमची चाळीस पुस्तकं झालेली दिसतात. तारखा दुरुस्त केल्या की आकडा जागेवर येतो. दुसऱ्यांदा वाचलेल्या पुस्तकाला वाचनाच्या तारखांची नवी जोडी द्यावी लागते.

ई-बुक वाचत असाल तर पानांऐवजी टक्के लिहा. अक्षरं मोठी केली की पडद्यावरचं पान बदलतं, टक्के बदलत नाहीत. आणि मराठी पुस्तक शोधताना नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे टाकून पाहा. एकच पुस्तक वेगवेगळ्या स्पेलिंगने दोनदा नोंदलेलं असतं आणि मग तुमचीही नोंद दोन ठिकाणी विभागली जाते.

वर्ष अर्ध्याहून जास्त सरलंय

समजा आज ३१ ऑगस्ट आहे, लक्ष्य २४, झाली आहेत ५. उरलेली १९ पुस्तकं चार महिन्यांत बसवायचा हिशेब करू नका. तो हिशेब करून कुणी वाचत नाही, फक्त वाईट वाटून घेतं. उलट बाजूने या. उरले १२२ दिवस. माझ्या प्रमाणाने त्यातले ७० वाचनाचे, दिवसाला २५ मिनिटं, म्हणजे २९ तास. एवढ्यात चार कादंबऱ्या होतील. तर लक्ष्य ९ करा. ॲपमध्ये मधेच आकडा बदलता येतो, आणि बदलल्याबद्दल कुणी तुम्हाला विचारायला येत नाही. मला पहिल्यांदा बदलताना चोरी केल्यासारखं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी पुस्तक मात्र उघडलं, जे आधीचे तीन आठवडे उघडलं नव्हतं.

यातलं काहीच लागू पडत नसेल, म्हणजे पोकळी नाही, आकडा वाजवी आहे, नोंदही होते आणि तरी पुस्तक उचलवत नाही, तर दिवसभर पडद्यावर किंवा परीक्षेसाठी किती वाचता ते बघा. दिवसाचे सहा तास मजकूर वाचणाऱ्याला रात्री आणखी मजकूर नको वाटणं हा बिघाड नाही. अशा वर्षी मी ऐकण्यावर भागवलं. आणि डोळे चुरचुरत असतील, डोकं दुखत असेल तर संकल्पाआधी डोळे तपासून घ्या. चाळिशीच्या आसपास जवळचं दिसणं कमी होतं आणि आपण त्याला कंटाळा समजत राहतो.

माझ्याकडे न सुटलेली एक गोष्ट उरली आहे: कवितासंग्रह. तो सुरू होतो, पण संपला कधी म्हणायचं? पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओळीने वाचलेला संग्रह मला वाचल्यासारखा वाटत नाही, आणि वर्षभर उशाशी असलेल्या संग्रहातल्या चार कविता अजून वाचायच्या राहिलेल्या असतात. सध्या त्यांच्यासाठी वहीच्या शेवटच्या पानावर नुसती नावं आहेत, पुढे तारीख नाही. 'संपलं'चा रकाना तिथे आखलेलाच नाही.